उद्यमबागेतला ३ सर्व्हरचा सेटअप, व्हर्च्युअल स्विच कसे मांडायचे?

रॅकवाला_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्री-मशीनशॉपचं आयटी बघतो, बघतो म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून सर्व्हरपर्यंत सगळं मीच आणि हाताखाली गडहिंग्लजहून आलेला एक नवीन पोरगा. आमच्याकडं ३ सर्व्हर, आजवर व्हीएमवेअरच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीनं, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) इसेन्शियल्स या छोट्या लायसन्सवर चाललेत, आवृत्ती ईएसएक्सआय ७. पण २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतलं, त्यानंतर कायमचं लायसन्स मिळायचं बंद झालं, आणि ७ चा सपोर्ट पण २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोअर मोजून दरवर्षी किती भरायचे तो आकडा मालकांना दाखवला तर म्हणाले एवढ्यात एक भट्टी दुरुस्त होईल. म्हणून प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे तेच काम करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरलंय, त्यावर वाद नको, तो झालाय.

अडलंय ते नेटवर्कवर. प्रत्येक सर्व्हरला मागं ४ तांब्याचे १ जीचे (सेकंदाला १ गिगाबिट) पोर्ट, शिवाय आता २ पोर्टचं १० जीचं कार्ड बसवलंय. स्टोरेजचा डबा आयस्कझीचा (नेटवर्कवरनं डिस्क देणारा), त्याला १० जीचे २ पोर्ट. स्विच तीन: नवीन ८ पोर्टचा १० जी मॅनेज्ड, जुना २४ पोर्टचा १ जी मॅनेज्ड, आणि एक १६ पोर्टचा साधा, ज्याला काही सेटिंगच नाही, तो फेकायच्या बेतात आहे. व्हीएम १४ आहेत, त्यात डोमेन कंट्रोलर, टॅली, ईआरपी आणि त्याचा डेटाबेस, सीएनसीचे प्रोग्रॅम ठेवलेला फाइल सर्व्हर, ३२ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, हजेरीचं मशीन वगैरे.

माझ्या डोक्यात असं होतं की सहाच्या सहा पोर्टांचा एक बाँड (अनेक पोर्टांचा एक जोड) करायचा, त्यावर एकच मोठा ब्रिज (सर्व्हरच्या आतला व्हर्च्युअल स्विच), आणि मॅनेजमेंट, स्टोरेज, कॅमेरे सगळं व्हीलॅननं (एकाच वायरवर नंबर देऊन पाडलेली वेगळी नेटवर्क) वेगळं. बरोबर आहे का? की प्रत्येकाला वेगळा ब्रिज? साधा लिनक्स ब्रिज की ओपन व्हीस्विच हे वेगळं सॉफ्टवेअर? एलएसीपी (स्विचशी बोलून पोर्ट जोडायची पद्धत) करू का? जंबो फ्रेम (१५०० बाइटऐवजी ९००० ची मोठी पाकिटं) करू का? पूर्वी एकदा कुणीतरी डिस्ट्रिब्युटेड स्विच (सगळ्या सर्व्हरवर मिळून एकच व्हर्च्युअल स्विच) पाहिजेच म्हणून सांगितलं होतं, त्याचं इथं काय? गणपतीच्या सुट्टीत दोन दिवस कारखाना बंद असतोय, तेव्हाच हात घालणार, त्याच्या आत कागदावर सगळं पक्कं करायचंय.

खानापूरचा_वायरवाला

कागद घेतलास ते बरं केलंस. पण त्या कागदावर आधी ब्रिज काढू नकोस, आधी पोर्ट मोज. तुझ्याच पोस्टवरून मोजतो बघ: १० जीच्या स्विचला ८ पोर्ट, ३ सर्व्हरचे २-२ म्हणजे ६, स्टोरेजचे २, झाले ८. मग त्या स्विचवरून २४ पोर्टच्या स्विचकडं जायला वायर कुठनं काढणार? एक पण शिल्लक नाही. ऑफिसमधल्या माणसाला टॅली उघडायचं असेल तर त्याचं पाकीट (डेटाचं पॅकेट) १० जीच्या बाजूनं येऊच शकत नाही. व्हर्च्युअल स्विच किती का छान असेना, शेवटी तो खालच्या वायरवरच उभा असतो.

दुसरं, १ जी आणि १० जी एकाच बाँडमध्ये घालायचा विचार सोड. एलएसीपी वेगवेगळ्या स्पीडचे पोर्ट एका गटात घेतच नाही, सहा लावलेस तरी काम एकाच गटाचं होणार, बाकीचे नुसते दिवे लावून बसणार.

माझ्या मते १० जीचा स्विच बेटासारखा एकटाच ठेव. त्यावर फक्त स्टोरेज आणि लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम एका सर्व्हरवरनं दुसऱ्यावर हलवणं). आणि हे नीट ऐक, स्टोरेजसाठी ब्रिज करायचीच गरज नाही! तू व्हीएमवेअरमधनं आलास म्हणून तुझ्या डोक्यात प्रत्येक गोष्टीला व्हीस्विच, कारण तिथं व्हीएमकर्नल पोर्ट (सर्व्हरचा स्वतःचा नेटवर्क पोर्ट) ठेवायलाच स्विच लागतो. प्रॉक्समॉक्स म्हणजे खाली सरळ डेबियन लिनक्स, कार्डाच्या पोर्टवर थेट आयपी टाकायचा, संपलं. ब्रिज कधी लागतो, तर व्हीएमची वायर त्यात खुपसायची असेल तेव्हाच, आणि तुझं एकही व्हीएम स्टोरेजच्या डब्याशी थेट बोलत नाही, बोलतो तो होस्ट, म्हणजे खालचा सर्व्हर. १० जीच्या दोन पोर्टांना दोन वेगळे सबनेट (आयपीचे गट) दे, बाँड नको, आयस्कझीला मल्टिपाथ लाव, त्याचा तो दोन वाटा सांभाळतो. फक्त दोन्ही वाटा त्याच एका स्विचमधनं जातात, स्विच गेला की स्टोरेज गेलं, हे मालकांना आत्ताच तोंडी नको, मेलवर सांगून ठेव.

मग १ जीचे चार. पहिले दोन बाँड करून त्यावर एकच ब्रिज, व्हीलॅन-अवेअरची टिक मारून, सगळी १४ व्हीएम त्यावरच. प्रत्येक व्हीलॅनला वेगळा ब्रिज करत बसू नकोस, पुढं नवीन व्हीलॅन आला की तिन्ही सर्व्हरवर फाइल उघडत बसावं लागतं. व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर टॅग टाकायचा, ऑफिस २०, कॅमेरे ३०, मशीन ४०, झालं. तुझ्या व्हीएमवेअरच्या पोर्टग्रुपवर व्हीलॅन नंबर टाकायचास ना, तेच इथं व्हीएमच्या कार्डावर येतं एवढाच फरक. ओपन व्हीस्विच वाईट नाही, पण तुझ्या कामात त्याचं वेगळं असं काही लागत नाही, उगाच एक सर्व्हिस जास्त.

३२ कॅमेरे म्हणजे एकेकाचे ४ मेगाबिट धरले तरी १२८ मेगाबिट दिवसरात्र, थांबणं नाही. १ जीला जड नाही पण ते कायमचं भाडेकरू आहे हे धरून चाल.

निपाणीकर_०८३३८

वरचं सगळं बरोबर हाय पण एक राहिलं, कोरोसिंक, म्हणजे सर्व्हर एकमेकांची खबर घेतात ती सर्व्हिस. तीन नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर करणार नव्हं? मग ते तिघं एकमेकांना सारखं हाका मारत असतात, तू हाईस का, मी हाय. ती हाक छोटी असते, स्पीड काही लागत नाही पण उशीर अजिबात चालत नाही, ५ मिलिसेकंदाच्या आत पाहिजे असं प्रॉक्समॉक्सच्याच कागदात लिहिलंय.

मी पूर्वी एके ठिकाणी होतो, नाव घेत नाही, तिथं मॅनेजमेंट, बॅकअप, कोरोसिंक सगळं एकाच १ जीवर घातलेलं, मीच घातलेलं, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू. दोन महिने काय झालं नाही. मग एका रात्री तिन्ही नोडचा बॅकअप एकाच वेळी सुरू झाला, वायर तुडुंब भरली, हाका पोचेनात, आणि एचए (सर्व्हर पडला तर त्याची व्हीएम दुसरीकडं आपोआप चालू करायची सोय) चालू असल्यामुळं प्रत्येक नोडला वाटलं मीच एकटा पडलोय. एकटा पडलेला नोड काय करतो तर वॉचडॉगनं स्वतःला रिबूट मारून घेतो. तिन्ही नोड एकामागनं एक! सकाळी सात वाजता वॉचमनचा फोन, साहेब सर्व्हर रूममध्ये विमान उडाल्यासारखा आवाज आला हुता. लॉग वाचून कळायला मला दुपार झाली, आधी यूपीएसला शिव्या घातल्या, मग वीज मंडळाला, शेवटी कळालं की सगळं मीच केलंय.

म्हणून त्यो १६ पोर्टचा साधा स्विच फेकू नकोस मर्दा. सर्व्हरचा चौथा पोर्ट त्याच्यात घाल, तीनच वायरी, दुसरं काहीही त्याला लावायचं नाही, ऑफिसचा प्रिंटर तर अजिबात नाही. तेच तुझं कोरोसिंक. दुसरी लिंक म्हणून मॅनेजमेंटचा तिसरा पोर्ट दे, एक गेली तर दुसरीवर चालतंय. आणि साधा स्विच हाय म्हणून यूपीएसच्या बाहेरच्या बोर्डावर लावू नकोस, पावसाळ्यात आपल्याकडं वीज कशी येते-जाते माहीत हाय की.

रॅकवाला_उद्यमबाग

बाप रे, पोर्ट मोजायचं मला सुचलंच नव्हतं, दोन दिवस ब्रिजचीच चित्रं काढत बसलोय. १६ पोर्टवाल्याला जीवदान.

आता चित्र असं झालंय: १ आणि २ नंबर बाँड, व्हीएमचा ब्रिज. ३ मॅनेजमेंट. ४ कोरोसिंक. १० जीचे दोन्ही स्टोरेज, ब्रिज नाही. मायग्रेशन पण १० जीच्या एका पोर्टवर वेगळ्या व्हीलॅननं, बरोबर ना? आणि बाँडला एलएसीपी की अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक वायर चालू, दुसरी राखीव), ते अजून कुणी बोललं नाही.

खानापूरचा_वायरवाला

मायग्रेशन हो, १० जीवरच. डिस्क सामाईक स्टोरेजवर असल्यानं नुसती रॅम हलते, १६ जीबीचं व्हीएम १ जीवर अडीचेक मिनिटात जातं, म्हणजे वेळेचा प्रश्न नाही, पण तेवढा वेळ ती वायर पूर्ण भरते आणि ऑफिसवाले टॅली अडकलं म्हणून ओरडतात. डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये मायग्रेशन नेटवर्क निवडायला विसरू नकोस, नाहीतर ते मॅनेजमेंटवरनंच जाईल.

एलएसीपी कर. दोन्ही वायरी एकाच २४ पोर्टच्या स्विचला चालल्यात, तो मॅनेज्ड आहे, मग दोन्ही वापरात आण की. हॅश (कुठलं बोलणं कुठल्या वायरवर ते ठरवायचा नियम) लेयर ३ अधिक ४ ठेव.

चिक्कोडी_सर्व्हर_सर्व्हिस

मी इथं वेगळं सांगतो, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप ठेवा. एलएसीपी केलं म्हणून एका फाइल कॉपीला २ जी मिळत नाही, एक बोलणं एकाच वायरवरनं जातं, वाटणी होते ती अनेक बोलण्यांची. तुमचा लोड बघता १ जी पुरतोय. आणि उद्या तुम्ही सुट्टीवर असताना कुणी स्विच बदलला, नवीन स्विचवर गट केलाच नाही, तर एलएसीपीवाला बाँड कुठं अडकलाय हे शोधायला सुट्टी मोडून यावं लागतंय. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपला स्विचवर गटाचं काही करावंच लागत नाही. शिवाय पुढं दुसरा १ जी स्विच घेतलात तर एक वायर इकडं एक तिकडं टाकता येते, स्टॅकिंग (दोन स्विच जोडून एक करणं) नसलं तरी.

पण त्यातला एक सापळा सांगतो, हा आमच्याच गिऱ्हाइकाकडं झालेला. दोन पोर्ट, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, सात-आठ महिने मस्त चाललं. मग पावसाळ्यात उंदरानं एक वायर कुरतडली. बाँडनं आपलं काम केलं, दुसऱ्या वायरवर गेला, ऑफिस चालू, टॅली चालू, पण कॅमेरे सगळे काळे. का, तर स्विचच्या दुसऱ्या पोर्टवर व्हीलॅन ३० सोडलाच नव्हता. पहिल्या पोर्टवर कुणीतरी नंतर कॅमेरे आले तेव्हा वाढवला आणि दुसऱ्यावर वाढवायचा राहिला. बॅकअपचा पोर्ट कधी वापरातच येत नाही म्हणून त्याची चूक पण कळत नाही. तेव्हा सगळं लावून झालं की प्रत्येक वायर एकदा हातानं उपसायची, आणि प्रत्येक व्हीलॅनमधलं एक-एक व्हीएम पिंग करायचं. ऑफिसचं एक लागलं म्हणून सगळी लागली असं धरायचं नाही.

स्विचच्या त्या पोर्टांना एज किंवा पोर्टफास्ट, ट्रंकवालं, ते करा. नाहीतर स्पॅनिंग ट्रीमुळं (नेटवर्कमध्ये फेरा होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) लिंक आली की ३० सेकंद पोर्ट गप्प बसतो आणि सर्व्हर चालू होताना नेटवर्क नाही नेटवर्क नाही म्हणून लॉग भरतो.

डिस्ट्रिब्युटेड स्विचचं विचारलं होतं त्याबद्दल. व्हीएमवेअरमध्ये ते एंटरप्राइझ प्लससारख्या वरच्या लायसन्सला होतं, तुमच्या इसेन्शियल्सला मुळात नव्हतंच, त्यामुळं ज्यानं सांगितलं त्यानं तुमचं लायसन्स विचारलं नसणार. तीन होस्टला साधा स्विच भरपूर होता, फक्त पोर्टग्रुपचं नाव तिन्हीकडं अक्षर न् अक्षर सारखं लागायचं. इथं पण तेच, ब्रिजचं नाव तिन्हीकडं एकच ठेवा. एका जागेवरनं व्हीलॅन वाटायचे असतील तर प्रॉक्समॉक्सचं एसडीएन (नेटवर्क सॉफ्टवेअरनं मांडायची सोय) आहे, ८.१ पासून आतच येतंय, त्यात व्हीलॅन झोन करून व्हीनेटला नावं देता येतात, मग व्हीएमला ४० नंबर न टाकता 'मशीन' असं निवडता येतं. मला ते आवडतं पण पहिल्याच दिवशी करू नका, आधी साधं चालू द्या.

टिळकवाडी_विंडोजवाला

आम्ही मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर, तिथलं थोडं सांगतो, कुणी तसं करत असेल तर उपयोगी. तिथं स्विच तीन जातीचे, एक्स्टर्नल, इंटर्नल, प्रायव्हेट, बाहेर जायचं असेल तर एक्स्टर्नलच. टीमिंग (तुमचा बाँड) २०१६ च्या सर्व्हरपासून स्विचच्या आतच आलंय, सेट म्हणतात, त्यात एलएसीपी नाहीच, म्हणजे वर जो वाद चाललाय तो आमच्यासाठी मायक्रोसॉफ्टनंच मिटवून टाकला 😄

एक सगळ्यांना लागू: एकाच होस्टवर, एकाच व्हीलॅनमधली दोन व्हीएम एकमेकांशी बोलली तर ते पाकीट होस्टच्या बाहेर पडतच नाही, तुमच्या फायरवॉलच्या डब्याला त्याचा पत्ता पण नसतो. सीएनसीच्या बाजूला जुनी विंडोज एक्सपीची मशीनं असतील, असणारच, तर त्या मशीनच्या व्हीलॅनमध्ये ईआरपीचा डेटाबेस ठेवू नका, वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा म्हणजे मधे फायरवॉल येईल.

खानापूरचा_वायरवाला

चिक्कोडीवाल्या साहेबांचं पटलं, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपच ठेव. दुसरा स्विच घ्यायचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता.

आता सुट्टीत करतोयस म्हणून शेवटचं सांगतो, घरी बसून करू नकोस. मी केलेलं. जुलैचा महिना, खानापुरातला पाऊस म्हणजे तुम्हाला सांगायला नको, रात्री दहाला घरून लॅपटॉपवरनं बेळगावातल्या एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरचा मॅनेजमेंट व्हीलॅन बदलला, अप्लाय दाबलं, आणि स्क्रीन गोठली. चूक एवढीच की टॅग सर्व्हरवर टाकला आणि स्विचवर टाकायचा राहिला. व्हीएमवेअरमध्ये असलं काही केलं तर तो बदल आपोआप मागं घेतो, ५.१ पासून ते आहे, त्याचीच सवय लागलेली. प्रॉक्समॉक्स मागंबिगं काही घेत नाही, तू सांगितलंस ना मग भोग. वायपर फुल स्पीडला लावून रात्री साडेअकराला रॅकसमोर उभा, रेनकोटमधनं पाणी गळतंय, आणि दुरुस्ती किती तर एक ओळ.

तेव्हापासून कुठलाही बदल करायच्या आधी इंटरफेसेसच्या (नेटवर्कची मांडणी लिहिलेल्या) फाइलची कॉपी ठेवतो आणि मागं एक कमांड सोडतो, १० मिनिटं थांब, जुनी फाइल परत जागेवर टाक आणि नेटवर्क रीलोड कर. सगळं नीट झालं तर ती कमांड मारून टाकायची, आत येताच आलं नाही तर १० मिनिटं चहा प्यायचा, आपोआप पूर्ववत. सर्व्हरच्या आयड्रॅक-आयएलओचा (लांबून सर्व्हर सांभाळायचा वेगळा) पोर्ट असेल त्याची वायर वेगळी ओढ, ब्रिजशी संबंध नसलेली.

आणि नवीन कार्ड घातलंयस तर पोर्टांची नावं तपास. कार्ड घातल्यावर किंवा कर्नल बदलल्यावर एनपी३एस० चं एनपी४एस० झालं की फाइलमधलं जुनं नाव कुणालाच सापडत नाही. मॅक पत्त्यावरनं (कार्डाचा स्वतःचा नंबर) नाव पक्कं करून टाक, सिस्टमडीच्या लिंक फाइलनं होतंय.

रॅकवाला_उद्यमबाग

गणपती झाले, काम पण झालं, म्हणून लिहितोय. दोन दिवस म्हणालो होतो, तीन लागले.

पहिला दिवस मस्त गेला. बाँड, ब्रिज, कोरोसिंक वर सांगितलं तसंच, जुना साधा स्विच रॅकच्या तळाशी यूपीएसवर, त्यावर लाल टेप लावून 'हात लावू नये' लिहिलंय. तिन्ही नोड क्लस्टरमध्ये आले.

दुसऱ्या दिवशी स्टोरेजनं रडवलं. आयस्कझी लॉगिन झालं, डिस्क दिसली, मला वाटलं जिंकलो. पहिलं व्हीएम आणायला घेतलं आणि ते ०% वर बसलं ते बसलं. ना एरर ना काही, नुसतं बसलंय. केबल बदलली, स्टोरेजचा डबा रिबूट केला, मल्टिपाथ बंद करून बघितलं. दुपारी जेवताना आठवलं की सर्व्हरला जंबोचं ९००० टाकलंय, स्टोरेजला ९००० टाकलंय, १० जीच्या स्विचला मात्र हातच लावला नाही, तो १५०० वरच. लॉगिनची पाकिटं छोटी असतात ती जातात, डेटाची मोठी आली की स्विच गपचूप टाकून देतो. पिंगला तुकडे करू नको असं सांगून ८९७२ साइजनं मारलं, एकही उत्तर नाही, १४७२ नं मारलं तर लगेच. ९००० मधनं हेडरचे २० आणि ८ वजा, तो आकडा आता झोपेत पण सांगीन. स्विचवर ९२१६ केलं आणि अडकलेलं गाडं धाडकन सुटलं. व्हीएमच्या ब्रिजवर मात्र १५०० च ठेवलंय, ऑफिसमध्ये जंबो कुणाला पाहिजे.

तिसरा दिवस वायरी उपसायचा. सर्व्हर १ ठीक, सर्व्हर २ ठीक, सर्व्हर ३ ची पहिली वायर काढली आणि सगळं बंद. बघतो तर बाँडची दुसरी वायर पॅच पॅनलला लावलेलीच नाही, नुसती गुंडाळून ठेवलीय. पोराला विचारलं तर म्हणतो, सर ती खराब आहे, लेबलवरच लिहिलंय. लेबल बघितलं आणि मला हसू आवरेना. वायरिंग करणारा पोरगा हुक्केरी बाजूचा कन्नडवाला, आम्हाला वाचता यावं म्हणून बिचाऱ्यानं देवनागरीत लेबलं लावलेली, वरच्या पॅनलच्या वायरीवर 'मेले' आणि खालच्या पॅनलच्या वायरीवर 'केळगे'. कन्नडमध्ये मेले म्हणजे वर, केळगे म्हणजे खाली. आमचा गडहिंग्लजकर 'मेले' वाचून समजला वायर मेली, आणि केळगे हे वायर लावणाऱ्याचं आडनाव.

लावली, परत उपसून बघितली, सगळे व्हीलॅन पिंग. चिक्कोडीवाले सर, तुमच्यामुळं सापडलं, नाहीतर ती कुठल्यातरी उंदरानं सांगितली असती.

निपाणीकर_०८३३८

😂😂 केळगे साहेबांना आमचा नमस्कार सांग. आणि बाकीच्या दोन सर्व्हरच्या मेलेल्या वायरी त्यानं कशा काय लावल्या?

रॅकवाला_उद्यमबाग

त्या मी लावल्या होत्या. लेबलं आज बदलतोय, 'वर' आणि 'खाली' लिहून.

चिक्कोडी_सर्व्हर_सर्व्हिस

पॅनल आणि पोर्टचा नंबर लिहा हो, उद्या रॅक हलवला तर वरचं खाली जाईल.